मावशींच्या म्हातारपणाचं काय?

पंचवटीत, हिरावाडीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटला आहे. कामवाल्या मावशींनी महिन्यात दोनच्या वर खाडे केले तर पैसे कापायचे का? "हल्ली यांचे फार नखरे वाढलेत," असं कुणीतरी लिहिलं आणि खाली धडाधड अंगठे पडले. इकडे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये ते वाचून मला वाईट वाटलं आणि रागही आला. ज्या घरांतून हे अंगठे आले, तिथली कितीतरी बाळं एकाच बाईच्या हातून न्हाऊन-माखून मोठी झाली आहेत. त्या मावशींनी आता साठी ओलांडली आहे, आणि त्यांच्या म्हातारपणाबद्दल ग्रुपवर अवाक्षर नाही.

मावशी फुलेनगरात राहतात. बाळ-बाळंतिणीची मालिश हे त्यांचं जन्मभराचं काम. पाटावर पाय लांब करून बसायच्या, बाळाला पालथं पोटऱ्यांवर घ्यायच्या, आणि पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून बघायच्या. बाळाचा उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला अलगद टेकवताना त्यांचं तोंड सारखं चालू असायचं, बाळाशीच. थोरल्याच्या वेळी मी माहेरी होते. टाके ओढत होते, उठता-बसता जीव जात होता. मावशींनी कमरेवर जिथे अंगठे रोवले, ती जागा मला आजही बोटाने दाखवता येईल. धुरी देऊ नका, बाळाच्या नाका-कानात तेल घालू नका, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी दोन्ही तिथल्या तिथे बंद केलं.

बारशाला आईने त्यांना साडी-चोळी दिली, ओटी भरली, पाकीट दिलं. ते मनापासून होतं. त्यांचे यजमान सिव्हिलमध्ये होते तेव्हा आमच्याच बिल्डिंगमधून डबा जायचा. असा डबा इथे कुणी कुणाला नेलेला मी पाहिलेला नाही.

धाकटी इथेच झाली. घरी आल्यावर पहिले दहा दिवस सुईण रोज येत होती. ती बाळाचं वजन करायची, माझे टाके बघायची. पुढेही बारा आठवड्यांपर्यंत तिला बोलावता येतं आणि पैसे आरोग्य विमा देतो. हा इथल्या प्रत्येक विमाधारक बाळंतिणीचा हक्क आहे. तिने मालिश केली नाही, ओटी भरायचा तर प्रश्नच नव्हता. पण स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या सुईणीलाही इथे सरकारी पेन्शन विम्यात हप्ता भरणं सक्तीचं आहे. म्हणजे हात थकले तरी दर महिन्याला काहीतरी येत राहणार. 2020 पासून या कामासाठी विद्यापीठाची पदवी लागते. 2023 मध्ये युनेस्कोने सुईणींचं ज्ञान मानवतेच्या वारशात नोंदवलं. तो प्रस्ताव मांडणाऱ्या देशांत जर्मनीही होती.

घरकाम करणाऱ्या बाईची नोंदणी इथे मालकाने करायची असते. तिला किमान वेतन, भरपगारी रजा, आजारपणात सहा आठवडे पगार आणि अपघात विमा मिळतो. कागदावर. प्रत्यक्षात बरीच घरं नोंदणी टाळतात आणि रोख पैसे हातावर ठेवतात. स्टेशनवर कचऱ्याच्या डब्यांत, दुकानात परत दिल्यावर पैसे मिळतात अशा रिकाम्या बाटल्या शोधणाऱ्या म्हाताऱ्या बायका मी नेहमी बघते. त्यामुळे जर्मनी म्हणजे स्वर्ग, असं मी कधीच म्हणणार नाही. पण सुट्टीचे पैसे कापायचे का, हा प्रश्न इथे शेजाऱ्यांनी मिळून ठरवायचा नसतो. तो कायद्याने ठरलेला आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा. त्यात नोंदणी असलेल्या बाईला पंचावन्न पूर्ण झाल्यावर दहा हजार रुपये सन्मानधन मिळतं, तेही एकदाच. अटल पेन्शन आणि श्रमयोगी मानधन या दोन्ही सरकारी पेन्शन योजनांत चाळिशीनंतर शिरता येत नाही, म्हणजे मावशींना त्या दोन्ही बंद. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार पासष्टीनंतर, आणि त्यासाठी उत्पन्न वर्षाला एकवीस हजारांच्या आत हवं. मावशी अजून कामं करतात, मग तो दाखला कसा मिळायचा? घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये केंद्राला सांगितलं. कायदा येईल तेव्हा येईल, मावशींचे गुडघे आत्ता दुखतात.

ग्रुपवर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक काका लिहितात, "आपण त्यांना घरच्यासारखंच वागवतो की." खरं आहे काका, वागवता. पण तुम्हाला दर महिन्याला पेन्शन येते, आणि ती तुम्ही काम केलंत म्हणून येते. मावशींनीही कामच केलं. घरच्या माणसाचं म्हातारपण आपण काढतो ना? मग ज्या बाईने आपली आई, बायको, सून, नातवंडं हाताळली, तिची साडी-चोळीवर बोळवण का करायची?

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं आहे. ज्या घरात मावशींनी बाळंतपण काढलं, त्या घराने दर महिन्याला तीनशे रुपये थेट त्यांच्या खात्यात टाकायचे. त्या कामावर येवोत न येवोत, हयात असेपर्यंत. बँकेत एकदा सांगून ठेवलं की ते आपोआप जातात. वीस घरं आली तर महिना सहा हजार होतात. आमच्या घराचे पैसे या महिन्यापासून सुरू झालेत. चार घरांनी होकार कळवला आहे. खाडे कापायच्या नियमावर मात्र मी नाही म्हटलंय, आणि त्याला अजून एकच अंगठा आलाय, माझ्या आईचा.