गाडी सरळच हाय

पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर, दोन लोअर आर्म, दोन टाय रॉड एंड. खड्ड्यांतून गगनबावड्याला पाऊस बघायला गेलो, त्याची ही पावती. एकूण आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही, त्यामुळं इथंही लिहीत नाही.

नवं सामान बसलं. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाकं सरळ रेषेत आणायची अलायमेंटही झाली (या शब्दातला 'न' तिथं कुणी उच्चारत नाही). गाडी घेऊन तावडे हॉटेलच्या दिशेनं निघालो, तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग कललेलं! मधला कंपनीचा शिक्का बाराऐवजी एकावर. तो बारावर आणावा, तर गाडी डावीकडच्या वडापावच्या गाड्यावर निघालेली.

परत गेलो. मिस्त्रीनं मशीनची स्क्रीन दाखवली. "सगळं हिरवं हाय की साहेब."

"पण स्टिअरिंग वाकडं आहे."

तेवढ्यात जुन्या टायरच्या थप्पीवरून आवाज आला, "गाडी सरळच हाय. हेच वाकडं बसतेत."

स्कूटरचं पंक्चर काढायला आलेले काका. पंक्चर केव्हाच निघालं होतं, चहा मात्र अजून संपत नव्हता. ते उठले, पेला बॉनेटवर (माझ्या) ठेवला आणि म्हणाले, "बसा आत. न्हाई, तसं न्हवं. रोज बसतासा तसं बसा."

रोज बसतो तसं बस म्हटल्यावर माणूस रोज कसा बसतो हेच विसरतो. मी कधी मुंजीतल्या बटूसारखा, कधी पासपोर्टच्या फोटोसारखा बसून पाहिलं. काकांनी समोर उभं राहून एक डोळा मिटला. गवंडी ओळंबा सोडून भिंत बघतो, तसं मला वरून खाली बघितलं.

"डावा खांदा दोन बोटं खाली हाय. शाळेत दप्तर कुठल्या खांद्याला?"

खोटं बोलायला हवं होतं. "डाव्या," म्हणालो.

"बघा!"

हे 'बघा' मला नव्हतं, जमलेल्या चौघांना होतं. त्यात चहावाला पोरगाही होता. माझी शेवटची आशा असलेल्या मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. "काकांच्या बोलण्यात पॉइंट हाय."

"गंगावेशीत चार वर्सं जोर मारलं असतासा, तर खांदं एका लेव्हलला आलं असतं," काका म्हणाले. कोल्हापुरात माणसातली कुठलीही खोट शेवटी तालमीला न गेल्यामुळंच निघते. माझ्या मेव्हण्याचं लग्न जमत नव्हतं, तेव्हाही हेच निदान झालं होतं.

वर जाता जाता त्यांनी ऐकवलं, की रस्ता मधे उंच नि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. त्यामुळं गाडी थोडी डावीकडं सरकायचीच. हे खरं आहे, आणि हाच भाग मला सगळ्यात जास्त लागला. पाणी वाहून जावं म्हणे! आमच्या गल्लीत ते दसऱ्यापर्यंत मुक्कामाला असतं. याच गावानं आंदोलन करून टोल घालवला. टोलला नाका होता, नाक्यासमोर बसता आलं. खड्ड्यांच्या दारात बसायचं तर नेमकं कुठल्या?

पैसे दिले. हो, दिले.

तिसऱ्या दिवशी राजारामपुरीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं खांद्याबद्दल काही विचारलं नाही. आधी चारी चाकांची हवा बघितली. मग स्टिअरिंग सरळ धरून सीटला दांडी अडकवून ते बांधून टाकलं. खाली वाकून, स्टिअरिंग चाकांना जोडणाऱ्या दोन्ही टाय रॉडचे नट सैल केले. एक रॉड जितका आत फिरवला, तितकाच दुसरा बाहेर.

"स्टिअरिंग आधी बांधायचं असतंय. न बांधता मशीन लावलं की चाकं सरळ येतात, स्क्रीन हिरवी होती, आणि स्टिअरिंग ऱ्हातंय वाकडं. गाडी ओढत असती तर कॅम्बर-कॅस्टर, म्हंजे चाकांचा कल बघितला असता. हे नुसतं 'टो'चं काम, चाकांची तोंडं जुळवायचं."

दहा मिनिटं. शिक्का बारावर. स्टिअरिंग अजून किंचित जड लागतं. नवे बॉल जॉइंट घट्ट असतात, सैल होतील म्हणाला.

काल उद्यमनगरातून येत होतो. त्याच गॅरेजसमोर एक पोरगा गाडीत ताठ बसलेला, समोर काका, एक डोळा मिटलेला. मी वेग कमी केला. काच खाली घेऊन टाय रॉडचं सांगावं असं फार वाटलं. पण काकांनी मान वळवली आणि माझ्या डाव्या खांद्याकडं बघितलं.

मी गिअर टाकला.