झडप

माझ्या बारा मिलीच्या मरीन प्लायला अजून मांदेलीचा वास येतोय. दोनदा लिंबू चोळून झालं. तिसरं लिंबू द्यायला हिनं साफ नकार दिला.

हिचा भाऊ वेसाव्याचा नाखवा. बोटीच्या केबिनला पुढं दोन आणि बाजूला एक अशा तीन काचा. मे महिन्यात अरबी समुद्राचा भरवसा नाही (2021 साली 17 मेला तौक्ते चक्रीवादळानं मुंबईला झोडपलं, तेव्हापासून सासरी मे महिन्याचं नावही जपून घेतात) आणि 1 जूनच्या मासेमारी बंदीआधीच्या शेवटच्या फेऱ्या त्याला सोडवत नाहीत. म्हणून वादळात काचांवर लावायला झडपा हव्या होत्या. तो सुतार बोलावणार होता. मी म्हटलं, "मी आहे ना!" लॉकडाऊनमध्ये मी चपलांचा रॅक केला होता. तो अजून उभा आहे, भिंतीला टेकून.

रे रोडजवळच्या दारूखाना भागात प्लाय स्वस्त मिळाला. टेम्पोवाल्यानं भाडं सांगितलं तेव्हा तो तितकासा स्वस्त राहिला नाही. तिथंच तीन तुकडे कापून घेतले, सुतळीनं बांधले आणि रे रोडला गोरेगाव लोकलच्या मालडब्यात घुसलो.

मालडब्यात हल्ली माल सोडून सगळं असतं. इस्त्रीचे शर्ट, कानात बोंडं, पाठीवर लॅपटॉप. ज्यांच्यासाठी डबा, त्या बायका पाट्या घेऊन दाराशी उकिडव्या. वर हेच नाक मुरडणार, "काय वास मारतोय!" अरे, मग जा की तुझ्या डब्यात. हे मी मनात म्हटलं. माझाही शर्ट इस्त्रीचाच होता, ते सोडा.

"ह्यो दरवाजा कुठं चाललाय?" खालून एका मावशीनं विचारलं.

"दरवाजा नाही मावशी, बोटीच्या खिडक्यांच्या झडपा." एवढ्यावर थांबायचं होतं. पण नाही. "मरीन प्लाय आहे. पाण्यानं काही होत नाही त्याला."

"खरंच नाय होत?" म्हणत तिनं भाऊच्या धक्क्यावरून आणलेली ठिबकती पाटी उचलून प्लायवर ठेवली. कॉटन ग्रीनला दुसरी पाटी. शिवडीला उरलेल्या जागेत स्वतः बसली.

"माप कुनी घेतला?"

"मीच. अगदी काचेच्या मापाचं. सूतभर फरक नाही."

मावशीनं शेजारणीकडं पाहिलं. शेजारणीनं पदर तोंडाला लावला.

"मंग त्याला धरनार कोन?"

"बोल्ट."

"लाट काय बोल्टाला इचारून येते?"

वडाळा गेलं. मावशीनं जेवणाचा डबा काढला. झाकण उघडलं, मिटलं. "ह्या झाकनाला डब्यापेक्षा कड जास्त हाय का नाय? डब्याच्या तोंडाएवढाच असता, तर कालवनात बुडला असता." मग माझ्या प्लायवर मूठ आपटली. "भायेरून लावायचा. चौकटीवर चारी बाजूनं दोन-दोन बोटं चढला पायजे. मंग लाट त्याला चौकटीवरच दाबते. तुजा तं काचंसकट आतमदी जाईल, नाखव्याच्या मांडीवर."

घनमीटरभर पाण्याचं वजन एक टन, हे मला बँकेच्या परीक्षेपासून पाठ आहे. ते खिडकीवर येऊन आदळतं, हे त्या परीक्षेत नव्हतं.

"आनि बगायला फट कुठं ठेवलीस? नाखवा काय डोलं मिटून बोट हाकनार?"

आता कानात बोंडं घातलेले दोघे बोंडं काढून ऐकत होते. एकानं तर मलाच समजावलं, "बरोबर बोलतायत त्या." तू कोण रे? तुझा समुद्राशी संबंध जुहूच्या भेळेपुरता!

"मेहुना कुठल्या गल्लीतला?" मी सांगितलं. चूक. त्याची आत्या तिची विहीण निघाली.

अंधेरीला तिच्या पाट्या डोक्यावर चढवायला मीच हात दिला. एका पाटीतलं पाणी माझ्या कॉलरमधून थेट बनियनपर्यंत पोहोचलं. वेसाव्याला पोहोचलो तर सुतार केबिनवर चढून काचांवर वर्तमानपत्र लावत होता. कागदाचा साचा कापूनच मापं घेतात म्हणे. "दाजी, तुम्ही कशाला तरास घेतला," मेहुणा म्हणाला. हसू दाबताना त्याचे कान हलतात.

काल मावशीचा निरोप आला. त्यातला मोठा तुकडा तिला मासे कापायला पाट म्हणून हवाय. फुकट. मी देणार नाही. दोन लिंबं गेलीत माझी.