तीन पायांचे दुखणे

कंपनीच्या माणसाने नुसते एसीचे झाकण उघडून पाहण्याचे ५९० रुपये घेतले आणि पावतीवर शेरा मारला, "ग्राहकाने दुरुस्ती नाकारली." हा शेरा मला अजून झोंबतो. मी नाकारली होती ती दुरुस्ती नव्हे. रिमोटचा इशारा पकडणारा वाटाण्याएवढा सेन्सर गेला म्हणून २,८०० रुपयांचे अख्खे डिस्प्ले कार्ड बदलण्याची सक्ती मी नाकारली होती. नुसता सेन्सर मिळेल का, असे विचारल्यावर "सर, आमच्या सिस्टीममध्ये तो पार्टच नाही," असे उत्तर मिळाले. जो पार्ट सिस्टीममध्ये नाही तो बिघडतो मात्र नेमाने, आणि त्याचा भुर्दंड आपल्याच माथी.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे सहज जातो. झाकणाआडचे आणीबाणीचे बटण दाबले की एसी सुरू होतो, पण तापमान तो स्वतःच्या मर्जीने ठरवतो. त्यामुळे हुडहुडी भरली की स्टुलावर चढायचे आणि घाम फुटला की पुन्हा चढायचे, असा आमचा रात्रीचा व्यायाम सुरू झाला.

रिमोट शाबूत होता. त्याचे बटण दाबून मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरले, की एरवी न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश पडद्यावर जांभळट लुकलुकत होता. सेन्सरला ५ व्होल्टही मिळत होते; मात्र रिमोट कितीही दाबला तरी त्याच्या आउटपुटच्या पायावर मीटरचा काटा ढिम्म हलत नव्हता. गुन्हेगार सापडला, पण त्याच्या काळ्या अंगावर नंबर नव्हता. ते कार्ड घेऊन मी नवी पेठेतले सुट्या भागांचे दुकान गाठले.

"नंबर सांगा," दुकानदार मान वर न करता म्हणाले. मी उत्तर देण्याआधीच खांद्यावर टॉवेल टाकून बाकावर बसलेल्या एका मामांनी कार्ड माझ्या हातातून घेतले, उजेडात धरले, त्यावर फुंकर मारली आणि निकाल दिला, "बल्ब उडालाय."

"मामा, हा बल्ब नाही. हा उजेड देत नाही, घेतो."

"मग लाईट बिल कमी यायला पाहिजे की! जुना टीव्ही हाय का घरात? त्यातला काढा आणि लावा."

टीव्ही वेगळा आणि एसी वेगळा, हे मी त्यांना बऱ्याच सविस्तरपणे समजावून सांगितले. त्यावर दुकानदारांनी प्रथमच मान वर केली आणि म्हणाले, "मामा बरोबर बोलतायत. बहुतेक रिमोट ३८ किलोहर्ट्झचेच असतात." मामांनी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा प्रकाश तेवढा टिपायचा आणि बाकीचा सोडून द्यायचा, एवढेच त्या सेन्सरचे काम. तो टीव्हीत बसला आहे की एसीत, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

"पाय कसेबी लावा, तीनच तर हायत," मामा उत्साहाने पुढे म्हणाले. सुदैवाने येथे ते चुकले. समोरून पाहिले तर १७३८ या सेन्सरचे पाय ग्राउंड, पुरवठा, आउटपुट अशा क्रमाने असतात, आणि १८३८ चे आउटपुट, ग्राउंड, पुरवठा अशा. एका आकड्याची गफलत झाली तर नवा सेन्सर जागीच जळू शकतो. आमच्या कार्डावर मधला पाय ग्राउंडला जोडलेला होता, म्हणून १८३८ घ्यायचा ठरला. किंमत २५ रुपये. दुकानातल्या मुलाने जुने कथील वितळवून तो तिथेच बसवून दिला. कंपनीच्या सिस्टीममध्ये हे २५ रुपये कुठेच बसत नाहीत, ही गोष्ट मी दुकानात जरा मोठ्यानेच बोललो. कोणालाही त्याचे नवल वाटले नाही, आणि मला राग त्याचाच जास्त आला.

मी निघणार तोच मामांनी पिशवीतून सेट टॉप बॉक्सचा रिमोट काढला. "तुमच्या त्या मोबाईलात बघा की जरा." मी बटणे दाबून पाहिली, जांभळा ठिपका काही उमटेना. सेल बदलून पाहा, नाहीतर रिमोट गेला आहे, असे मी सांगितले.

मामांनी रिमोट परत घेतला आणि दुकानदारांना म्हणाले, "साहेबांचा मोबाईल बिघडलेला दिसतोय."

दुकानदारांनी हात पुढे करून मला विचारले, "नंबर सांगा."