सज्जन म्हणून नाव कमवा, बाकीचं काम लोक करतील

दुसऱ्याची अब्रू घेण्याची हौस पुष्कळांना असते, पण काम नीटनेटकं फार थोड्यांना जमतं. बहुतेक जण घाई करतात. चारचौघांत तोंड सोडतात, निनावी पत्रं पाठवतात आणि शेवटी स्वतःचंच हसं करून घेतात. अशा होतकरू मंडळींनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा मन लावून अभ्यास करावा. १ नोव्हेंबर १६०४ रोजी व्हाइटहॉलच्या राजवाड्यात त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे, म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ हा अभ्यासक्रम सर्वांना खुला आहे. आपल्याकडेही गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव' लिहून त्याची सोय केली. तेव्हा साहित्य मिळालं नाही ही सबब चालणार नाही.

तुमचे गुरू इयागो. हुद्दा निशाणबरदाराचा, तक्रार बढती हुकल्याची. व्हेनिसचा सेनापती ऑथेल्लो, त्यानं आपला दुय्यम म्हणून फ्लॉरेन्सच्या मायकेल कॅसिओला नेमलं. इयागोच्या मते या गृहस्थानं रणात कधी एक तुकडीसुद्धा उभी केलेली नाही, सगळी विद्या पुस्तकी. एवढा कच्चा माल कुठल्याही कचेरीत मिळतो, त्यामुळे आपली पात्रता आहे की नाही अशी शंका मनात आणू नका.

सुरुवात शत्रूपासून करू नका, स्वतःपासून करा. आधी सच्चा माणूस म्हणून तुमचं नाव झालं पाहिजे. नाटकात प्रामाणिकपणाचा उल्लेख पन्नासाहून जास्त वेळा येतो आणि त्यातला मोठा वाटा इयागोच्या पदरात पडतो. हे नाव मिळवायला प्रामाणिक असावं लागत नाही. थोडं रांगडं बोलावं, बायकांविषयी दोन वात्रट विनोद करावेत, साहेबासमोर जरा कुरकुरावं. गोड बोलणाऱ्यावर लोकांचा संशय असतो. फटकळ माणसाच्या पोटात काही नसतं, ही समजूत मात्र व्हेनिसपासून सायप्रसपर्यंत पक्की आहे.

नाव झालं की ते सांभाळण्याचं तंत्र पहिल्याच अंकात पाहून घ्या. भर रात्री ब्रबॅन्शिओच्या खिडकीखाली उभं राहून त्याची मुलगी डेस्डिमोना ऑथेल्लोबरोबर पळाल्याची बोंब इयागोच ठोकतो, आणि तीही कानात बोटं घालावी अशा भाषेत. पण स्वतःचं नाव सांगतो तो बरोबरचा रॉडरिगो. म्हातारा खाली उतरायच्या आत इयागो पसार. आपल्याच सेनापतीविरुद्ध साक्षीला उभं राहणं नोकरीला बरं नव्हे, हे तो जाताना सांगूनही जातो. पुढच्याच प्रवेशात तो ऑथेल्लोच्या बाजूला उभा राहून म्हणतो, तुमच्याविषयी त्यानं असं काही बरळलं की नऊ-दहा वेळा वाटलं, खुपसावा याच्या बरगडीत. हे 'नऊ-दहा वेळा' पाठ करून ठेवा. नेमका आकडा दिला की खोट्याला वजन येतं.

भांडवल दुसऱ्याचं वापरावं. डेस्डिमोनावर भाळलेला रॉडरिगो त्यासाठीच आहे. त्याला दर दोन वाक्यांमागे थैलीत पैसे टाक म्हणून सांगत राहा. तो जमीन विकेल. डेस्डिमोनासाठी दागिने देईल, ते तुमच्याकडेच मुक्काम करतील. त्याची अब्रू घ्यायचे कष्ट पडत नाहीत, कारण त्याला ती टिकवण्याचं भानच नसतं.

कॅसिओ मात्र अब्रूदार. त्याचं नाव घालवायला एक संध्याकाळ पुरते. तुर्कांपासून सायप्रस बेट राखायला ऑथेल्लोला धाडलेलं असतं, पण वादळानं तुर्कांचं आरमार परस्पर बुडवलेलं असतं. ऑथेल्लोनं पाचपासून अकरापर्यंत जल्लोषाची मुभा दिलेली असते. पहाऱ्याची जबाबदारी कॅसिओची. दारू आपल्या डोक्याला सोसत नाही, हे तो स्वतःच सांगतो. संध्याकाळचा एक पेला पोटात आहे आणि त्यातही पाणी घातलं होतं. इतका प्रामाणिक गिऱ्हाईक मिळाल्यावर आग्रह करताना कसली लाज? दोन गाणी म्हणा, पिण्यात इंग्रजांचा हात कोणी धरणार नाही अशी थोरवी गा. लंडनच्या पिटातल्या प्रेक्षकांनाही बरं वाटेल.

कॅसिओ झोकांड्या खात बाहेर गेला की मग खरी कारागिरी. सायप्रसचा आधीचा कारभारी माँटानो शेजारी उभा असतो. त्याला सांगा: माणूस हिरा आहे हो, पण काय करणार, रोज झोपायच्या आधी हे असतंच. दारूला भिणाऱ्या माणसाला एका रात्रीत नेहमीचा बेवडा करून टाकायला हे एवढंसं वाक्य पुरतं. माँटानो म्हणेल, हे सेनापतींच्या कानावर घालायला हवं. तुम्ही म्हणायचं, छे, माझ्या तोंडून नाही, माझा फार जीव आहे त्याच्यावर. तेवढ्यात रॉडरिगोला कळ काढायला पाठवलेलं असतंच. तलवारी निघतात, माँटानो जखमी होतो, धोक्याची घंटा वाजते, ऑथेल्लो झोपेतून उठून येतो.

इथं नवशिके गडबडतात आणि साहेबानं विचारताच भडाभडा सांगून मोकळे होतात. इयागो काय करतो? कोणी सुरुवात केली असं विचारल्यावर म्हणतो, मला ठाऊक नाही. पुन्हा दरडावल्यावर म्हणतो, कॅसिओचं वाईट करण्यापेक्षा ही जीभ छाटली गेलेली बरी. आणि मग एकही गोष्ट न गाळता सगळं सांगतो. ऑथेल्लोची खात्री पटते की हा भला माणूस मित्रासाठी प्रकरण सौम्य करून सांगतोय. कॅसिओची नोकरी तिथल्या तिथे जाते. जखम झालेली माँटानोला, पण कॅसिओ मात्र 'माझी अब्रू, माझी अब्रू' म्हणून गळा काढतो. माझ्यातलं अमर ते गेलं, उरलं ते जनावर, असं त्याचं म्हणणं.

त्याचं सांत्वन तुम्हीच करायचं, हे विसरू नका. इयागो म्हणतो, मला वाटलं कुठं जखमबिखम झाली. अब्रू म्हणजे रिकामा, खोटा डोलारा. कित्येकदा लायकीशिवाय मिळतो, दोषाशिवाय जातो. आणि दुसऱ्याच दिवशी ऑथेल्लोसमोर उभा राहून हाच माणूस गंभीर चेहऱ्यानं सांगतो की स्त्री असो वा पुरुष, चांगलं नाव हेच जिवाचं खरं रत्न. माझी थैली चोरणारा कचरा चोरतो, पण नाव चोरणारा मला कंगाल करतो. दोन्ही मतं तितक्याच कळवळ्यानं मांडता आली पाहिजेत. ज्याची अब्रू गेली त्याला पहिलं मत द्या, ज्याची अजून जायची आहे त्याला दुसरं. उलटापालट झाली तर पहिला शुद्धीवर येईल आणि दुसरा निर्धास्त झोपेल. थैलीवरचं हे सुभाषित लोक आजही सत्कार समारंभांत उद्धृत करतात. ते रॉडरिगोची थैली रिकामी करणाऱ्यानं म्हटलेलं आहे, हे तिथं सांगू नये.

ऑथेल्लोला फोडणं अवघड असेल असं वाटतं ना? बिलकूल नाही, पण बोलायचं कमीत कमी. कॅसिओ रदबदलीसाठी डेस्डिमोनाकडे आलेला असतो (सल्ला तुमचाच) आणि ऑथेल्लो दिसताच ओशाळून निघून जातो. तुम्ही पुटपुटायचं, हं, हे काही बरं नाही. काय म्हणालास? काही नाही. तो कॅसिओ होता ना? कॅसिओ? छे, तो असा चोरासारखा कशाला सटकेल? बास. मग त्याचेच शब्द प्रश्नचिन्ह लावून परत करायचे. आरोप तुम्ही करायचा नाही, तुमच्या मनात काय आहे ते त्यानं तुमच्याकडून काढून घ्यायचं. घासाघीस करून मिळवलेल्या मालावर गिऱ्हाइकाचा जीव जास्त बसतो.

माल कमी पडला तर सासऱ्यांकडून उसना घ्यावा. मुलगी गेल्यावर ब्रबॅन्शिओ जावयाला बजावून गेलेला असतो की जिनं बापाला फसवलं ती तुलाही फसवेल. ते वाक्य इयागोनं कानाआड केलेलं नसतं. व्हेनिसच्या बायका नवऱ्याला दिसू देत नाहीत ते देवाला दिसू देतात, अशी पुस्ती त्याला जोडावी. ऑथेल्लो परका, काळा, हयात छावण्यांत गेलेली. शहरातल्या चालीरीती आपल्याला कळत नाहीत ही त्याची जुनी ठसठस आहे. पाचामुखी परमेश्वर बोलतो असं म्हणतात, पण परक्या गावात राहणाऱ्याला ते पाच कोण, हे विचारायचीसुद्धा चोरी असते.

पुराव्याचं काय? ऑथेल्लो एकदा खरोखर पुरावा मागतो, इयागोची मानगूट धरून. अशा वेळी पुरावा देऊ नये, रुसावं. जगात सरळ वागायची सोय राहिली नाही, मी चाललो, असं म्हणावं. तो हात धरून थांबवतो. मग सांगावं की परवा कॅसिओशेजारी झोपलो होतो, दाढदुखीनं डोळा लागत नव्हता, तेव्हा तो झोपेत डेस्डिमोनाचं नाव घेत होता. या गोष्टीचा प्राण त्या दाढेत आहे. सायप्रसमधली एकुलती एक रात्र कॅसिओनं न झोपता काढली, हे इयागोला माहीत आहे. ऑथेल्लो, कॅसिओ, डेस्डिमोना हे तिघं बेटावर वेगवेगळ्या जहाजांनी आले आणि डेस्डिमोना तर इयागोच्याच जहाजावर होती. मग हे प्रकरण घडलं कधी? साधा बोटांवर मोजण्याचा हिशेब. पण बेअब्रू झालेला माणूस बोटं मोजत नाही, मुठी आवळतो.

ऑथेल्लोनं डेस्डिमोनाला दिलेल्या रुमालाचंही तसंच. कॅसिओला आज त्या रुमालानं दाढी पुसताना पाहिलं, असं इयागो सांगतो तेव्हा रुमाल त्याच्या स्वतःकडेच असतो! त्याच प्रवेशात थोडा वेळ आधी डेस्डिमोना ऑथेल्लोचं दुखणारं कपाळ त्याच रुमालानं बांधायला गेली होती, आणि फार छोटा आहे म्हणत त्यानंच तो झिडकारला होता. बायकोचा रुमाल हातानं उडवून लावणाऱ्याला तो दुसऱ्याच्या दाढीवर स्पष्ट दिसतो. थॉमस रायमर नावाच्या टीकाकारानं १६९३ मध्ये या रुमालाची भरपूर टर उडवली. त्याला हसू येणं साहजिक आहे, कारण त्याच्या अब्रूचा प्रश्न नव्हता. (देवलांनीच 'संशयकल्लोळ'मध्ये रुमालाऐवजी तसबीर ठेवली, तेव्हा लोक पोट धरून हसले. तिथं कारस्थान रचणारा सच्चा माणूस कोणी नव्हता, एवढाच फरक.)

आता ऑथेल्लोची एक ओळ बघून घ्या. माझं नाव चंद्रदेवता डायनाच्या मुखासारखं ताजं होतं, ते आता माझ्याच चेहऱ्यासारखं काळवंडलं, असं तो म्हणतो. १६२२ च्या छापील प्रतीत ही ओळ नाहीच. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या मोठ्या ग्रंथात 'माझं नाव' आहे आणि १६३० च्या प्रतीत 'तिचं नाव'. संपादक अजून वाद घालतात. तुम्हाला वादात पडायचं कारण नाही. तिचं नाव म्हणजे त्याचंच नाव, असं समजणारा नवरा मिळाल्याशिवाय तुमचा धंदा चालतच नाही. डेस्डिमोनाला ठार मारल्यावरही ऑथेल्लो म्हणतो की द्वेषानं काही केलं नाही, केलं ते अब्रूसाठी. आणि ती? कोणी मारलं विचारल्यावर शेवटचा श्वास खर्चून सांगते, कोणी नाही, मीच. नवऱ्याचं नाव वाचवते. तो त्यावरून तिला खोटारडी ठरवतो.

एवढं जमल्यावर बिघडतं कुठं? घरात. एमिलिया, तुमची धर्मपत्नी, चौथ्या अंकातच तुमच्या तोंडावर म्हणते की कोणीतरी हरामखोरानं हुद्द्यासाठी ही बदनामी रचली असणार, नसेल तर मला फासावर द्या. तुम्ही म्हणता, असा माणूस जगात नाही. तिचं तोंड तिथंच बंद होईल हा तुमचा हिशेब, कारण बायकांचं बोलणं कोण मनावर घेतो? तीसुद्धा पाचव्या अंकात कॅसिओच्या प्रेयसीला, बियांकाला, वेश्या म्हणून हिणवते, तेव्हा बियांका एकटीच ताठ उभी राहून म्हणते की मीही तुझ्याइतकीच अब्रूनं जगते. पण रुमाल आपणच उचलून नवऱ्याला दिला हे एमिलियाला आठवतं. ती चारचौघांत बोलते, जीव जाईपर्यंत बोलते. भोसकून तिला गप्प करता येतं, बोललेलं मागं घेता येत नाही.

दुसरी चूक किरकोळ वाटते, पण नडते. ज्याला स्वतः ठार केलं त्याचे खिसे तपासावेत. रॉडरिगोच्या खिशात पत्रं निघतात. तिसरी चूक कपड्यांची: अंधारात कॅसिओवर वार करवताना त्याचा डगला किती जाड आहे याची चौकशी इयागोनं केली नाही. रॉडरिगोचा वार फुकट गेला, मग घाईत मागून पायावर वार करावा लागला.

आणि ज्या बढतीसाठी हा खटाटोप, तिचा निकाल तर आधीच लागलेला होता. चौथ्या अंकात लोडोविको व्हेनिसहून हुकूम घेऊन येतो: ऑथेल्लोनं परतावं, सायप्रसचा कारभार कॅसिओनं पाहावा. पहाऱ्यावरची दारू, माँटानोची जखम, रात्री वाजलेली घंटा, यातलं काहीच वरिष्ठांपर्यंत पोचलेलं नाही. शेवटच्या प्रवेशात पायाला पट्टी बांधून कॅसिओला खुर्चीतून आणतात, तो राज्यपाल म्हणून. इयागोला कुठं, केव्हा आणि कशा यातना द्यायच्या ते आता त्यानंच ठरवायचं आहे.