जुनापाणीच्या दगडी वर्तुळांखाली हंडे नाहीत

परवा मामाचा फोन आला. "आपल्या वावराजवळच्या रिंगणात अमावास्येले पायाळू पोराले उभं करू म्हणून राह्यले लोकं. तुले काय वाटते?" मूळ एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये. नागपूर-काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची दगडी वर्तुळं म्हणजे गवळी राजाचे खजिने, ते दगड राक्षसांनी आणले, दगडांवरचे खळगे म्हणजे नकाशा, पायाळू माणसाला आतला हंडा दिसतो, आणि म्हणूनच सरकारने खोदायला बंदी घातली, असं त्यात लिहिलंय.

राक्षसांवर शब्द खर्च करत नाही. दगड आसपासच्याच काळ्या खडकाचे आहेत, माणसांनीच ढकलत आणलेले.

खळग्यांचं अर्धं खरं आहे, मान्य. काही दगडांवर बोटाचं टोक बसेल एवढे खळगे ओळीने कोरलेत, तेही मुद्दाम. त्यांचा दिशांशी, ताऱ्यांशी संबंध असावा असं काही अभ्यासकांना वाटतं. खजिन्याचा नकाशा असं कोणी म्हटलेलं नाही.

आता हंडा. जुनापाणीला सुमारे ३०० वर्तुळं आहेत. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथलं वर्णन छापलं, आणि १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी रीतसर उत्खनन केलं. काय निघालं? काळी-लाल मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या. ही लोहयुगातल्या माणसांची थडगी आहेत. नागपूरजवळच्याच माहुरझरीच्या वर्तुळांत तर घोडे पुरलेत, त्यांच्या तोंडावरच्या तांब्याच्या साजासकट. कुठलं मडकं कोणत्या हाडाजवळ होतं, यावरूनच त्या लोकांबद्दल काही कळतं. सब्बल मारली की हाती खापरं येतात आणि ते कळणंही कायमचं जातं.

बंदी प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याने आहे, सोन्यामुळे नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि पायाळू. पायाकडून जन्मलं म्हणून लेकराला रात्री थडग्यावर उभं करायचं? गुप्तधनापायी याच महाराष्ट्रात नरबळी गेलेत, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगीच झालेला नाही. मामा ज्या पोराबद्दल बोलत होता ते सातवीत आहे. मी त्याच्या आईला फोन केला. तिला कोणी विचारलंही नव्हतं.