'गमावण्यासारखं काही नव्हतं'? नाही पटलं

लेख चांगलाय, पण अर्जेंटिनातल्या प्लाझा दे मायोच्या आयांबद्दल (लष्करी राजवटीने उचलून नेलेल्या आपल्या पोरांसाठी राजधानीतल्या या चौकात जमणाऱ्या बायका) 'गमावण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून त्या लष्कराला भिडल्या' हे जे लिहिलंय ते काही पटलं नाही. अहो, त्यांच्यातल्या एस्तेर बायेस्त्रिनोचंच बघा ना, तिची १६ वर्षांची गरोदर मुलगी १९७७ मध्ये उचलली गेली, काही महिन्यांनी सुटून आलीसुद्धा, मग या बाईने मुलींना देशाबाहेर सुरक्षित पोचवलं आणि स्वतः मात्र परत आली, का तर बाकीच्यांची पोरं अजून सापडली नव्हती. त्याच डिसेंबरात तिला एका चर्चपाशी उचललं, दोन दिवसांनी या आयांना एकत्र आणणाऱ्या असुसेना व्हिलाफ्लोरला. दोघींचे अवशेष ओळखले गेले थेट २००५ मध्ये.

आणि भीती नव्हती असं तर अजिबात नाही. ३० एप्रिल १९७७ ला पहिल्यांदा जमल्या तेव्हा चौदाच जणी होत्या, पोलिस म्हणाले घोळका करायचा नाही, चालत राहा, तर यांनी हातात हात घालून दोघी दोघी चौकाला फेऱ्याच मारायला सुरुवात केली (ही आयडिया लेखात यायलाच हवी होती राव!). डोक्याला बांधलेलं पांढरं फडकं म्हणजे सुरुवातीला चक्क बाळाचा लंगोट, घरात जपून ठेवलेला. माझा मुलगा तासभर फोन उचलत नाही तर माझे हातपाय गार पडतात, तेव्हा त्या कपाटातून तो लंगोट काढून घडी घालताना त्यांचे हात थरथरले नसतील असं मला कुणी सांगू नये.