म्हणे, अर्ध्यांना साखरेच्या गोळ्या!

भावकीच्या ग्रुपवरचा तो मेसेज शेवटी आमच्या आत्तीपर्यंत पोचलाच. “कॅन्सरची ट्रायल म्हणजे माणसांवर प्रयोग. अर्ध्यांना साखरेच्या गोळ्या देऊन मरू देतात. दोन औषधं एकत्र म्हणजे दुप्पट विष. एकदा सही केली की सुटका नाही. सगळा कंपन्यांचा धंदा.” आत्तीचा स्तनाचा कॅन्सर यकृतापर्यंत गेलाय. डॉक्टरांनी एका ट्रायलबद्दल, म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीबद्दल, नुसतं विचारलं होतं, तर ती आता दवाखान्याची पायरी चढायला तयार नाही.

आधी ती साखरेची गोळी. हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेल्या), पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवरची ‘क्लिओपात्रा’ ट्रायल घ्या. ८०८ रुग्ण. एका गटाला ट्रास्टुझुमॅब, डोसिटॅक्सेल ही नेहमीची औषधं आणि वर नवं पर्टुझुमॅब. दुसऱ्या गटाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं खोटं सलाइन, दिला, हो, दिला. पण ट्रास्टुझुमॅब आणि डोसिटॅक्सेल त्यांनाही चालूच होतं. म्हणजे तेव्हाचे नेहमीचे उपचार पूर्ण, लुटुपुटूचं होतं ते फक्त जादाचं तिसरं सलाइन. फायदा दिसल्यावर दुसऱ्या गटालाही नवं औषध घ्यायची मुभा मिळाली. २०१५ च्या अंतिम निकालात निम्म्या रुग्णांनी गाठलेला जगण्याचा काळ ४०.८ महिन्यांवरून ५६.५ वर गेला. मरू देतात म्हणे!

दुप्पट विष? ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब पेशीवरच्या त्या एकाच हर-टू प्रथिनाला चिकटतात, पण वेगवेगळ्या जागी. म्हणून तर जोडी. जुलाब आणि पुरळ वाढले, हे मान्य. हृदयाचा त्रास वाढला नाही. आणि जोडी सगळ्यांना लागू पडते असंही नाही. अंडाशयाच्या कॅन्सरच्या ‘पाओला-१’ ट्रायलमध्ये बेव्हॅसिझुमॅब या औषधाला ओलापॅरिब हे दुसरं औषध जोडलं, तेव्हा गाठीतली डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांचा आजार १७.७ ऐवजी ३७.२ महिने आटोक्यात राहिला. बाकीच्यांना फारसा फरक पडला नाही. ट्रायल केली नसती तर हे कळलं कसं असतं?

सहीचं तर काहीच्या बाही. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं.

धंदा आहे, नाही कोण म्हणतं? आपल्याकडे ट्रायलमध्ये गैरप्रकारही झालेत, सुप्रीम कोर्टाला मध्ये पडावं लागलं. २०१९ च्या नियमांत ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई आहे. ट्रायलचा नोंदणी क्रमांक मागा, संमतीपत्र मराठीत मागा.

आणि अडचणच सांगायची तर खरी सांगा की! कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्र काढून मुंबई गाठायची, तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. त्याचा खर्च कोण देणार, हे सही करण्याआधी विचारायचं असतं. त्या मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.